पुढच्या महिन्यांचे रकाने

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. वायदा म्हणजे ठरल्या महिन्यात ठरल्या भावाने माल देण्या-घेण्याचा करार. उणे भाव म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. जिकडे तिकडे तोच आकडा झळकत होता. मी मात्र आणखी दोन आकडे शेजारी ठेवून बघत होते. एक, त्याच तेलाचा जून महिन्याचा वायदा. तो वीस डॉलरच्या थोडा वर होता. दुसरा, मोठ्या तेल कंपन्यांचे शेअर. ते पडले होते, पण काही टक्क्यांनीच. तेल फुकटाहून स्वस्त झालंय आणि ते काढणाऱ्या कंपनीच्या शेअरला अजून गिऱ्हाईक आहे, याची संगती लावणं भाग होतं.

मेचा वायदा दुसऱ्या दिवशी संपणार होता. तो ज्याच्या हातात उरेल त्याला ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग या गावी तेल प्रत्यक्ष ताब्यात घ्यावं लागणार होतं, आणि तिथल्या टाक्यांमधली जी काही जागा रिकामी होती ती आधीच कुणी ना कुणी भाड्याने धरून ठेवलेली. उणे भाव होता तो टाकीतल्या जागेच्या टंचाईचा. कंपनी पुढची वीस वर्षं तेल काढणार असते. तिचा शेअर घेणारा त्या वीस वर्षांना किंमत लावतो. त्यातला एक वाईट महिना फार तर दुखतो.

तेव्हापासून कमोडिटीचा, म्हणजे तेल, धातू, कोको अशा कच्च्या मालाचा, भाव बघायची माझी रीत बदलली. बातमीत येतो तो सगळ्यात जवळच्या महिन्याचा भाव. मी त्याच्या शेजारी पुढच्या दोन-तीन वर्षांच्या वायद्यांचे रकाने उघडून ठेवते. जगात काहीतरी घडतं, भाव उसळतो किंवा कोसळतो. शेअरचा सौदा करायचा की नाही हे मी त्या मागच्या रकान्यांवरून ठरवते.

या रीतीची मुळं खरं तर त्या एप्रिलच्याही दीड महिना आधीची. ६ मार्च २०२० रोजी व्हिएन्नात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची आणि रशियाची उत्पादनकपातीची बोलणी फिसकटली. सौदी अरेबियाने भाव तोडून तेल ओतायचं ठरवलं आणि ९ मार्चला ब्रेंट तेल (जगभरच्या तेलाचा भाव ज्यावरून मोजतात ते) एका दिवसात सुमारे २४ टक्के पडलं. १९९१च्या आखाती युद्धानंतर एका दिवसात एवढी पडझड झाली नव्हती. एकीकडे कोविडच्या साथीमुळे विमानं जमिनीवर बसलेली, दुसरीकडे तेलाचा पूर. हे तेल ठेवायचं कुठे? टाक्या भरल्या की जहाजांत. तेलवाहू जहाजांची भाडी आकाशाला भिडली आणि त्या कंपन्यांचे शेअर माझ्या नजरेत भरले.

माझा एक मित्र बरीच वर्षं जहाजभाड्याच्या दलालीत होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, भाडं काय बघतेस? ते आज सगळ्यांनाच दिसतंय. आजचं तेल आणि सहा महिन्यांनंतरचं तेल, यातला फरक बघ. तो फरक जहाजाच्या भाड्याला पुरून उरतोय तोवर लोक जहाजं भरून समुद्रात उभी करणार. फरक मिटला की जहाजं मोकळी, आणि जहाजं मोकळी झाली की भाडं आपटलं."

मी तेलवाहू जहाजांच्या दोन कंपन्यांचे शेअर घेतले आणि रोज तो फरक मांडत गेले. दूरचा महिना जवळच्याहून महाग असतो त्या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. तेव्हाचा कॉन्टँगो भलताच मोठा होता. पण १२ एप्रिलला ओपेक आणि तिचे सोबती देश दिवसाला ९७ लाख पिंपांच्या कपातीवर राजी झाले होते, आणि ती कपात १ मेपासून लागू व्हायची होती. भाव उणे झाला त्या आठवड्यात जहाज कंपन्यांच्या शेअरना ऊत आला होता. मी तेव्हाच विकून मोकळी झाले, कारण तो फरक याहून वाढायला आता वाव दिसत नव्हता, आणि कमी व्हायचं कारण कॅलेंडरवर तारखेसकट लिहिलेलं होतं. पुढे त्या कंपन्यांचे तिमाही निकाल डोळे दिपवणारे आले, आणि शेअर तरीही उतरत राहिले. निकाल मागच्या महिन्यांचे असतात. शेअर घेणाऱ्याचं लक्ष फरकावर होतं.

त्याच काळात पुष्कळ लोकांनी तेलाच्या वायद्यांत पैसे गुंतवणारे फंड घेतले. तेल इतकं स्वस्त परत कधी मिळणार, हा विचार. पण असा फंड जवळचा वायदा संपायच्या आधी विकतो आणि पुढचा घेतो. पुढचा महाग असेल तर प्रत्येक महिन्याला त्याच पैशांत थोडं कमी तेल पदरात पडतं. तेल वर गेलं तरी फंड मागे राहतो. तेलावर विश्वास असेल तर तेल काढणारी, कर्ज कमी असलेली कंपनी बरी, हा माझा कल तेव्हा पक्का झाला.

आता युद्धं आणि हल्ले यांच्याकडे वळते, कारण लोकांना धाव घ्यायला लावतात ती हीच.

१४ सप्टेंबर २०१९ला, शनिवारी, सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुराइस इथल्या तेलकेंद्रांवर हल्ला झाला आणि दिवसाला सुमारे ५७ लाख पिंपांचं उत्पादन बंद पडलं. जगाच्या पुरवठ्याचा जवळपास विसावा हिस्सा. सोमवारी ब्रेंट उघडताच वीस टक्क्यांच्या आसपास उडालं आणि दिवसअखेर साधारण पंधरा टक्के वर राहिलं. तेल कंपन्यांचे शेअर वर, विमान कंपन्यांचे खाली. मंगळवारी सौदी अरेबियाने सांगितलं की निम्मं उत्पादन परत आलंय आणि उरलेलं महिनाअखेर येईल. दूरचे महिने मुळात फार हललेच नव्हते. मी त्या आठवड्यात एका विमान कंपनीचे शेअर घेतले. तिने पुढच्या काही महिन्यांच्या इंधनाचा मोठा भाग आधीच ठरलेल्या भावाने बांधून ठेवला होता. तिच्या तिमाही अहवालात हे टक्केवारीसकट छापलेलं होतं. म्हणजे भाव चढलेलाच राहिला असता तरी तो तिच्या खर्चात उशिरा आणि अर्धामुर्धाच उतरला असता. सप्टेंबर संपेपर्यंत तेल हल्ल्याआधीच्या पातळीपाशी परतलं होतं.

१७ जानेवारी १९९१ला तर याहून मोठा तमाशा झाला होता. मी तेव्हा बाजारात नव्हते, पण त्या दिवसाचे आकडे पुन्हा पुन्हा वाचलेत. इराकविरुद्धचा हवाई हल्ला सुरू झाला आणि कच्चं तेल एका दिवसात जवळजवळ एक तृतीयांशाने पडलं. ऑगस्ट १९९०मध्ये कुवेत घेतलं गेल्यापासून बाजार त्या भीतीचे पैसे मोजत आला होता. युद्ध प्रत्यक्ष सुरू झालं, सौदी तेलाला धक्का लागत नाही हे दिसलं, अमेरिकेने राखीव साठ्यातलं तेल काढायची घोषणा केली, आणि भीतीपोटी चढवलेला भाव गळून पडला.

म्हणून १३ जून २०२५ला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि ब्रेंट दिवसअखेर सात टक्के वर बंद झालं, तेव्हा मी मागचे रकाने उघडले. जवळचे महिने उसळलेले, वर्ष-दीड वर्षानंतरचे जेमतेम सरकलेले. जवळचा महिना दूरच्याहून महाग असण्याला बॅकवर्डेशन म्हणतात. ते एका दिवसात ताणलं गेलं होतं. बाजाराचं म्हणणं उघड होतं: आत्ता धोका आहे, कायमची टंचाई नाही. इराणला लागून असलेल्या, आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून तेव्हा दिवसाला साधारण दोन कोटी पिंप तेल आणि तेलाचे पदार्थ जात. जग जेवढं वापरतं त्याचा पाचवा भाग. ती सामुद्रधुनी बंद पडली असती तर सगळा हिशेब पालटला असता, हे मान्य. पण त्या शक्यतेसाठी मी शेअरमध्ये पूर्ण रक्कम अडकवून बसणार नव्हते. हाताशी असलेले तेल कंपन्यांचे निम्मे शेअर त्या चढावात विकले. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. सोमवारी, २३ तारखेला, ब्रेंट सुरुवातीला ८० डॉलरच्या वर गेलं. मग इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, पण तेलाच्या वाटेला हात लावला नाही. दिवस संपताना तेल सात टक्क्यांहून जास्त खाली होतं. क्षेपणास्त्रं सुटली आणि तेल पडलं, हे नवख्या माणसाला सांगितलं तर तो आपली थट्टा चाललीय असं समजेल.

२०२२ वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे रकान्यांतच दिसत होतं. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. त्या दिवशी अमेरिकी शेअर बाजार आधी अडीच टक्क्यांहून जास्त खाली गेला आणि संध्याकाळी दीड टक्का वर बंद झाला. पहिल्या दिवशीच्या उलथापालथीतून मी काहीही शिकायचा प्रयत्न करत नाही. तिथे बहुतेक सौदे जुन्या पोझिशन, म्हणजे आधीपासून धरून ठेवलेले सौदे, सोडवण्याचे असतात. पण त्यानंतरच्या आठवड्यांत तेलाचे दूरचे महिनेही टप्प्याटप्प्याने वर सरकत होते. रशियाचं तेल आणि डिझेल कुणी घ्यायचं, कुणी विमा उतरवायचा, कुठल्या वाटेने न्यायचं, हे सगळं नव्याने मांडलं जात होतं. असं काम आठवड्यात आटपत नाही.

तेव्हा कच्चं तेल काढणाऱ्या कंपन्या सगळेच घेत होते. मला रिफायनऱ्यांत जास्त रस वाटला. कच्चं तेल महाग झालं की रिफायनरी मार खाणार, असं वरवर बघता वाटतं, कारण तो तिचा कच्चा माल. पण रिफायनरीची कमाई पेट्रोल-डिझेलचा भाव आणि कच्च्या तेलाचा भाव यांतल्या अंतरावर ठरते. तीन पिंप कच्च्या तेलातून दोन पिंप पेट्रोल आणि एक पिंप डिझेल, असा एक ठोकताळा अमेरिकेत वापरतात; त्या अंतराला क्रॅक स्प्रेड म्हणतात. पेट्रोल-डिझेलचा वायदा तिथे गॅलनवर सांगतात आणि तेलाचा पिंपावर, म्हणून ४२ने गुणून मी हा आकडा स्वतः काढायचे. साथीच्या काळात बऱ्याच रिफायनऱ्या कायमच्या बंद झाल्या होत्या, आणि युरोपला रशियाच्या डिझेलची जागा भरून काढायची होती. हे अंतर एरवी दहा-वीस डॉलरचं असतं. २०२२च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पन्नासच्या वर गेलं. कच्चं तेल शंभरच्या वर आणि तरी रिफायनरीची चांदी.

मी विक्री सुरू केली ती जूनमध्ये. अंतर अजून मोठंच होतं, पण पुढच्या वर्षाचं अंतर मागे पडू लागलं होतं, आणि अमेरिकी मध्यवर्ती बँक व्याजदर झपाट्याने वाढवत होती. महाग पैसा आणि महाग पेट्रोल एकत्र आले की लोक गाडी कमी काढतात. रिफायनऱ्यांचे शेअर त्याच महिन्यात वळले आणि काही आठवड्यांत चांगलेच उतरले.

खरं काम पुढे असतं: कमोडिटीचा भाव कंपनीच्या हिशेबात कुठल्या ओळीत आणि किती उशिराने उतरतो, हे शोधणं. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि बातम्या वाचण्यापेक्षा वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवरच्या टिपा वाचण्यात मला आता जास्त मजा येते. तिथे साठा कसा मोजतात, किती माल आधीच बांधलाय, किती विक्री दीर्घ मुदतीच्या करारावर आहे, भाव दहा टक्के हलला तर नफा किती हलेल, हे सगळं कंटाळवाण्या भाषेत लिहिलेलं असतं.

कोकोचं उदाहरण घ्या. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. रोग, म्हाताऱ्या बागा आणि लहरी पाऊस यांमुळे तिथलं पीक बसलं आणि दोन-तीन हजार डॉलर टनाच्या आसपास वर्षानुवर्षं रेंगाळणारा न्यूयॉर्कचा वायदा डिसेंबर २०२४मध्ये १२ हजारांच्या वर गेला. चॉकलेट कंपन्यांचे शेअर आधीच ढेपाळलेले. २०२५मध्ये कोको खूप उतरला. आता खर्च कमी, आता नफा वाढणार, म्हणून त्या शेअरवर उडी घ्यायची का? मी थांबले. चॉकलेट कंपनी आपला कोको बरेच महिने आधी बांधून ठेवते. भाव चढत असताना हीच ढाल तिला वाचवत होती. तीच ढाल उतरणीला ओझं होते, कारण बाजारात कोको स्वस्त झालेला असतानाही कारखान्यात महाग बांधलेला माल वापरला जात असतो. त्यात भाव वाढवल्यामुळे गिऱ्हाईक लहान पाकिटाकडे किंवा दुसऱ्याच गोडाकडे वळलेलं असतं, आणि ते लगेच परत येत नाही. मी कंपनीच्या बैठकांचे वृत्तांत वाचून, जुना माल कुठल्या तिमाहीत संपतोय याचा अंदाज बांधला आणि खरेदी त्या मानाने लांबणीवर टाकली. खरेदी कोकोच्या आलेखावर टाकलेली रेघ बघून ठरवली असती तर पाऊण वर्ष नुसतं बसून राहावं लागलं असतं.

खताचं गणित याच्या नेमकं उलट, झटकन उतरणारं. नायट्रोजन खतांचा पाया असलेल्या अमोनियाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा नैसर्गिक वायूचा. ऑगस्ट २०२२च्या अखेरीला युरोपातला वायू मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला आणि यारासारख्या मोठ्या खत कंपनीने युरोपातलं बरंचसं अमोनिया उत्पादन थांबवलं. त्याच वेळी अमेरिकेत वायू त्याहून कितीतरी पटींनी स्वस्त. खत मात्र जगभर जवळपास एकाच भावाने विकलं जातं, आणि तो भाव सगळ्यात महाग उत्पादकाच्या खर्चावर ठरत होता. अशा वेळी वायू महाग झाला म्हणून खत कंपन्या विका, हा सरसकट सल्ला निरर्थक ठरतो. प्रश्न एवढाच की कंपनीच्या कारखान्यात येणारी नळी कुठल्या खंडातून निघते.

सोन्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. संकट आलं की सोनं चढतं हे अर्धसत्य आहे. मार्च २०२०मध्ये सोनं काही दिवसांत औंसाला १,७०० डॉलरजवळून १,५००च्या खाली आलं, कारण इतर ठिकाणी मार खाल्लेल्यांना मार्जिन, म्हणजे सौद्यामागे ठेवावी लागणारी अनामत, भरायला रोकड हवी होती आणि सोनं पटकन विकलं जातं. मार्च २०२२मध्ये युद्धाच्या धास्तीने ते २,०५०च्या वर गेलं; युद्ध चालूच होतं, पण व्याजदर आणि डॉलर चढत गेले तसं त्या वर्षाच्या शरदात ते १,६५०च्याही खाली उतरलं. मग मध्यवर्ती बँकांनी वर्षाला हजार टनांहून जास्त सोनं घ्यायला सुरुवात केली आणि व्याजदराशी असलेलं ते जुनं नातं सैल झालं. सोन्याच्या खाणीचा शेअर घेताना मी औंसामागचा एकूण खर्च बघते. भाव २,००० आणि खर्च १,४०० असेल तर हातात ६०० उरतात. भाव दहा टक्के वाढला तर ८००, म्हणजे कमाई एक तृतीयांशाने वर. मात्र ज्या कारणाने सोनं चढतंय त्याच कारणाने डिझेल आणि मजुरीही चढत असतील, तर हा फायदा वाटेतच जिरतो. २०२२मध्ये बऱ्याच खाणींचं तसं झालं.

बाहेर पडायची वाट बंद होऊ शकते, हेही हिशेबात धरावं लागतं. ८ मार्च २०२२ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं. भाव पडेल या भरवशावर आधीच विकून बसलेले मंदीवाले कोंडीत सापडले होते. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे सौदे चक्क रद्द केले. बाजार परत उघडला तो आठवड्याभराने. मॉस्कोचा शेअर बाजार त्याच सुमारास जवळजवळ महिनाभर बंद होता, आणि लंडनमध्ये नोंदलेल्या रशियन कंपन्यांच्या रोख्यांचे व्यवहारही थांबवले गेले. रशियन निकेल आणि तेल कंपन्यांचे शेअर तेव्हा कागदावर कमालीचे स्वस्त होते. कमोडिटी महाग, कंपनी स्वस्त, आणि धारकाला ना विकता येतं ना लाभांश हातात पडतो. यानंतर मी एखाद्या देशातल्या खाणीचे शेअर घेताना जास्तीत जास्त किती रक्कम पूर्ण बुडाली तरी चालेल, हे आधी ठरवते आणि तेवढीच घालते. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची सूचना, फक्त उघड्या बाजारातच कामाचा असतो.

रोजच्या कामात फार काही नसतं. बुधवारी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा तेलसाठ्याचा आकडा येतो, तो मी बघते पण त्यावर लगेच सौदा करत नाही. शुक्रवारी वायदे बाजारातल्या मोठ्या पोझिशनचा अहवाल येतो. त्यातले आकडे मंगळवारचे असतात. सट्टेवाले सगळे एकाच बाजूला गेलेले दिसले तर मी नवी खरेदी लांबवते. डॉलर वधारतोय का, हे बघते. बस.

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलंय ते तांब्याने.

८ सप्टेंबर २०२५ला इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत ओल्या चिखलाचा लोंढा भूमिगत बोगद्यांत घुसला. सात कामगार गेले. ग्रासबर्ग ही जगातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या खाणींपैकी एक. २४ तारखेला ती चालवणाऱ्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने करारानुसार माल देता येणार नाही असं जाहीर केलं. त्या दिवशी तांबं वर गेलं, आणि तांब्याची ही बलाढ्य कंपनी साधारण सतरा टक्के पडली. तांबं चढलं म्हणून डोळे मिटून तिचा शेअर घेणाऱ्याला हा धडाच होता, पण मला ते अनपेक्षित नव्हतं. जानेवारी २०१९मध्ये ब्राझीलमधल्या ब्रुमादिन्यो इथे खाणीच्या गाळाचं धरण फुटलं, २७० माणसं मेली. वाले कंपनीचा शेअर पुढच्या व्यवहाराच्या दिवशी सुमारे २४ टक्के कोसळला आणि लोहखनिज चढत गेलं. तेव्हा कमाई झाली ती ज्यांच्या खाणी शाबूत होत्या त्यांची. माणसं गेल्याच्या बातमीतून सौदा काढायचा, हे मला आजही सहजपणे जमत नाही. तरी मी तो काढते. बाजूला राहिल्याने त्यांचं काही परत येणार नसतं, ही समजूत किती खरी आणि किती सोयीची, कोण जाणे.

ग्रासबर्गच्या वेळी मी दुसऱ्या खंडात खाणी असलेल्या एका तांबं उत्पादकाचे शेअर घेतले. या वेळी फक्त वायद्याचे रकाने बघून भागत नव्हतं. खाणीतून निघतं ते तांब्याचं खनिज-चूर्ण. ते वितळवून शुद्ध करण्यासाठी खाण कंपनी वितळभट्टीला टनामागे शुल्क देते. २०२४साठी हे वार्षिक शुल्क ८० डॉलर ठरलं होतं, २०२५साठी २१.२५. तात्काळ सौद्यांत तर ते शून्याच्याही खाली गेलं, म्हणजे माल मिळावा म्हणून भट्टीच खाणीला पैसे मोजू लागली. अपघाताच्या आधीपासूनच खनिजाची चणचण होती, हे त्यातून कळत होतं, आणि म्हणून शाबूत खाणीचं पारडं जड होतं. भट्ट्या चालवणाऱ्या कंपन्यांना मी हात लावला नाही. तांबं महाग आणि त्यांची मजुरी उणे, असला धंदा शेअरधारकासाठी कठीण.

तांब्यात आणखी एक गुंता आहे तो आयातशुल्काचा. ८ जुलै २०२५ला अमेरिकी अध्यक्षांनी तांब्यावर ५० टक्के शुल्काची घोषणा केली आणि न्यूयॉर्कचा वायदा एका दिवसात १३ टक्के उसळला. लंडनचं तांबं जवळपास जागच्या जागी. एकाच धातूचे दोन भाव, मधे समुद्र आणि एक सरकारी कागद. ज्या कंपन्यांचं तांबं अमेरिकेत निघतं त्यांना हा फरक सरळ नफ्यात मिळणार, म्हणून त्यांचे शेअर तेजीत आले. मी ते घेतले नाहीत, कारण घोषणेचा तपशील आलेला नव्हता. शुद्ध तांब्यावर शुल्क, की तारा-नळ्यांवर, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ३० जुलैला तपशील आला. शुद्ध तांबं वगळलेलं होतं. न्यूयॉर्कचा भाव पाचव्या हिश्श्याहून जास्त गडगडला आणि दोन बाजारांतलं अंतर मिटलं. २०२७पासून शुद्ध तांब्यावर टप्प्याने शुल्क लावायचा प्रस्ताव मात्र त्याच कागदात होता, त्यामुळे ते अंतर पुन्हा उघडू लागलं आणि अमेरिकी गोदामांकडे तांबं वाहत राहिलं.

यामुळे माझ्या तक्त्यात एक भर पडली आहे. तांब्याची कंपनी निवडताना खाण कुठे आहे आणि टनामागे खर्च किती हे तर मी लिहितेच. आता तिचं तांबं कुठल्या बंदरात उतरतं आणि विक्रीचा करार लंडनच्या भावाने बांधलाय की न्यूयॉर्कच्या, हेही लिहिते. हे शेवटचं बहुतेक अहवालांत सरळ सापडत नाही. गुंतवणूकदारांशी बोलणाऱ्या विभागाला पत्र पाठवावं लागतं, आणि निम्म्या कंपन्या उत्तर देत नाहीत.